दाताखालचं शिसं

३ नोव्हें., सोमवार
सातवा महिना लागला. काल पिंपळीहून माहेरी आले. धरणाचं पाणी पार परसापर्यंत. आबांचं मासे धरायचं नवं फेकजाळं अंगणात पसरलेलं, कडेला वजनासाठी शिशाच्या गोळ्या लावायच्या राहिलेल्या. बसलेच. गोळी दोरीवर धरायची, दाताखाली दाबून बंद करायची. आठव्या वर्षापासूनची सवय. आबा म्हणाले, "दात अजून हाय तसंच हायत की." फार बरं वाटलं.

६ नोव्हें.
इंदापूर, तपासणी. एचबी पुन्हा तेवढंच कमी. लोहाच्या गोळ्या तर नेमानं खाते. डॉ. बाईंनी विचारलं, घरी काम काय? मी कौतुकानं सगळं सांगितलं, जाळ्याच्या गोळ्या चावण्यासकट. बाई लिहायच्या थांबल्या. शिसं तपासायला रक्त पुण्याला.

१३ नोव्हें.
रिपोर्ट. शिसं जास्त. बाई म्हणाल्या, थोडं थोडं पोटात जातं, शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात साठवतं. वर्षानुवर्षं राहतं. गरोदरपणी हाडं कॅल्शियम सोडतात, त्याबरोबर तेही रक्तात येतं. म्हणजे बाळापर्यंत. लहानपणी चावलेलंसुद्धा. एस.टी.त ह्यांचा फोन आला, उचलला नाही. भीती वाटली.

१४ नोव्हें.
ह्यांना सगळं सांगितलं. रविवारी येतायत.
आबांना पटेना. "आमचा आज्जा जलमभर दातानंच लावत व्हता. ऐंशी वर्सं जगला, काय झालं न्हाय त्येला." म्हटलं, आज्ज्याला बाळंत व्हायचं नव्हतं. आई इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

१८ नोव्हें.
रविवारी हे येऊन गेले. आबांनी बाजारातून पक्कड आणली. शिसं वितळवायची कढई, चूल, सगळं लांब बांधावर नेलं. पक्कडीनं निम्म्या गोळ्या वाकड्या. "ह्यापरीस दात बरं." पण एकही चावली नाही. घरात येताना हात साबणानं धुतले, तेही मला दाखवून.
मला काम बंद. दूध, नाचणी, तळलेली चिलापी मासळी, दुपारची झोप. काळजी आहेच, पण सुखातही आहे. खोटं का लिहू.

२७ नोव्हें.
पुन्हा रक्त दिलं. हाडातलं काढता येत नाही म्हणाल्या बाई. खाण्यातून कॅल्शियम भरपूर मिळालं तर शरीर हाडातलं कमी ओढतं, एवढंच आपल्या हातात. रिपोर्ट आठवड्यानं.
जेवताना बाळ हललं. त्याला म्हटलं, दूध घे, नाचणी घे, आजीनं केलंय, पोटभर घे. आईच्या हाडांना तेवढा हात लावू नकोस.