अधिकाच्या वाणात मोटारीचे इंजिन मागितल्याबाबत

प्रति,
मा. हुंडा प्रतिबंधक अधिकारी,
महिला व बालविकास कार्यालय, नाशिक.

दिनांक : ९ ऑगस्ट २००४

विषय : माझी बहीण सौ. सुवर्णा हिला सासरी परत पाठवणे थांबवण्याबाबत.

संदर्भ : मोटारीची माहितीपुस्तिका (ऑइल दर पाच हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल ते).

महोदय,

"गाडीचं इंजिन ऑइल किती दिवसांनी बदलायचं असतं?" हा प्रश्न मी ताईला बघायला आलेल्या मुलाला विचारला, कारण विचारलंस तर तू खरी, अशी पैज वर्गातल्या मुलींनी लावली होती. त्यांच्यातल्या आरोहीच्या वडिलांचे गॅरेज असल्याने उत्तर आम्हाला ठाऊक होते. लग्नात गाडी मागणारे श्री. शेखर जेजुरकर (रा. सायखेडा) पोहे चघळत म्हणाले, "नव्या गाडीला कशाला लागतं? ते जुन्या गाडीचं काम." सगळे हसले. मीही हसले, पण माझे कारण वेगळे होते. आईने चिमटा काढून मला आत पाठवले.

मे २००३ मध्ये लग्न झाले. आम्ही मखमलाबादला झेंडू-शेवंती लावतो. आण्णांनी नवी गाडी दिली, बोनेटवर हार आमच्याच मळ्यातला. दिवाळसणाच्या वेळी ताई सासरी म्हणाली, सहा महिने होत आले, ऑइल बदलून घ्या. त्यावर सासूबाई वत्सलाबाई म्हणाल्या, "गाडी माहेरची, मंग तिचं तेल बी माहेरचंच. जावयानं का घालायचं?" त्या सणाला आण्णांनी जावयाला आधीच अंगठी घातली होती, म्हणून तेल मागायचे राहिले. मग त्यांचे ठरले की पुढच्या श्रावणात अधिक येतोय, धोंड्याच्या जेवणाला सासरा तेल बदलून देईल. तोवर गाडीने सगळ्या भाऊबंदांची वऱ्हाडे वाहिली. गाडीला बिचारीला पंचांग कळत नाही. अधिक लागायच्या आठवडाभर आधी घोटीजवळच्या चढावर तिचे इंजिन जाम झाले.

यापुढे मला अर्जाची भाषा जमणार नाही, माफ करावे. मेकॅनिकने इंजिनातून काढलेला काळा चिखल दाजींनी डब्यात भरून घरी आणला. वत्सलाबाई म्हणाल्या, "हिचा पायगुणच असला. तेल तेल करत होती ना, घाला न्हाऊ." मायलेकांनी तो ताईच्या डोक्यावर चोळला. शेजारच्या लताबाई दारातून म्हणाल्या, "लय काळे होतील गं केस." आणि हसल्या. तशीच तिला एसटीत बसवून दिली. कंडक्टरने सीट खराब होऊ नये म्हणून आधी पेपर अंथरला. शिकेकाई, रिठा, शेवटी रॉकेलही लावून झाले. निघेना, तेव्हा मीच कात्री घेतली. कापलेली वेणी कागदात गुंडाळून सोबत जोडली आहे. कार्यालयात वास येईल, त्याला माझा इलाज नाही.

आता सायखेड्याचा निरोप आहे, "नवं इंजिन आणा, तरच पोरगी नांदवू." माझी खरी तक्रार याच्या पुढची आहे. आमच्या घरच्यांनी ते कबूल केले! अधिक संपायच्या आत तेहतीस अनारसे आणि एक इंजिन असे वाण घेऊन ताईला पोचवायचे आहे. आई तिच्या डोक्यावर पदर ओढते आणि म्हणते, "केस काय, येतात परत." इंजिन आपोआप परत येत नाही, म्हणून ते विकत घ्यायचे. मी दहावीत आहे, हा हिशेब पुढच्या कोणत्या इयत्तेत शिकवतात ते मला माहीत नाही.

तरी जेजुरकर मायलेकांवर कारवाई करावी व आमच्या आई-आण्णांनाही बोलावून समज द्यावी.

अर्ज ताईने वाचला आहे, पहिली सही तिचीच आहे. काल जेवताना मी तो घरात मोठ्याने वाचला. आण्णा म्हणाले, "मंजे, तुझं लग्न व्हायचंय अजून." मी म्हटले, "आण्णा, आई, इंजिन पाठवायचं तर खुशाल पाठवा. ताई जाणार नाही. उद्या शाळा बुडवून मी तिला घेऊन नाशकात चाललेय, भर गावातून, चालत. आणि ती म्हणालीय, डोक्यावर पदर घेणार नाही."

आपल्या नम्र व दारात उभ्या,

सुवर्णा
कु. मंजुषा गोटीराम ताजणे
मखमलाबाद, नाशिक