हजार सेफाला एकशे साठ

८ जानेवारी १९९४, शनिवार

आमच्या हजार सेफा फ्रँकला नायजेरियाचे एकशे साठ नायरा. बाजार बरा. पाय सुजलेत.

अयोका अक्का सीमेपलीकडून, इडिरोकोहून आली. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू — मला, सख्ख्या भावाला, ओळखते ती खोकल्यावरून. ऑपरेशनची तारीख मिळाली, अबेओकुटाला, चोवीसला. "सुनमोला, माझे एक लाख वीस हजार सेफा बदलून दे आता. तिकडे नायरा लागतात."

मी म्हटलं, "अक्का, घाई कशाला? नायजेरियाचं बजेट येतंय, नायरा अजून घसरेल. आठवडाभर थांब, हजार-बाराशे जास्त सुटतील."

"तू म्हणतोस तर थांबते."

दहा वर्षं गारी, कसावाच्या कंदाचा रवा, विकून साठवलेले पैसे. नायराचा भरवसा नाही म्हणून दर बाजाराला माझ्याकडे आणून देते, मी त्यांचे सेफा करून ठेवतो. पलीकडच्या निम्म्या बायका इकडे आमच्या इगोलोत कुणा ना कुणाकडे असंच ठेवतात.

१० जानेवारी

कोटोनू शहरातून गाड्याच गाड्या. लोक सेफा ओतताहेत आणि नायरा मागताहेत! एकशे बावन्नलाही तयार. शेजारच्या टेबलावरचा जिमोह म्हणाला, "या शहाण्यांना भूत लागलं की काय?" हसलो दोघेही. घेत सुटलो.

बावीस वर्षं मी रोजचा भाव लिहितोय. १९८० साली एका नायराला लोक अडीचशे सेफा मोजत. आज सहा. पडतो तो नायरा. सेफा फ्रान्सच्या खुंट्याला बांधलेला, मी शाळेत होतो तेव्हापासून तिथेच.

११ जानेवारी

दमलो. उरलेसुरले नायराही देऊन सेफा घेतले.

१२ जानेवारी

सेफा निम्म्यावर! काल संध्याकाळी डाकारला सेफावाल्या देशांचे राष्ट्राध्यक्ष जमले आणि ठरवून टाकलं. सकाळी रेडिओवर ऐकलं, वाटलं बाई चुकीचं वाचतेय. बाजारात सगळ्यांनी टेबलं मांडली, भाव कुणीच बोलेना. जिमोह अकारा, चवळीचा वडा, हातात धरून बसला होता, दुपारपर्यंत तो तसाच.

१३ जानेवारी

हजाराला ऐंशी.

अक्काचे एकोणीस हजार दोनशे नायरा व्हायचे होते. आता नऊ हजार सहाशे. दवाखान्याने सांगितलेत अठरा हजार, दोन्ही डोळ्यांचे. निम्म्या पैशात एकच डोळा होईल. की एकही नाही?

सगळ्यांचं अर्धं झालं. तिचंही झालं. यात माझं काय चुकलं? थांब म्हणालो, एवढंच.

थांब म्हणालो.

१५ जानेवारी

जिमोहला सांगितलं. म्हणाला, "अक्काला दिसतंय कुठे? पन्नासच्या जागी वीसच्या नोटा घाल, पुडकं तेवढंच जाड लागेल." चेष्टाच. पण रागावलो नाही, कारण सकाळी माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. लाज वाटली. वय अठ्ठावन्न — आणि ही अक्कल!

१८ जानेवारी

मोटरसायकल विकली. पुरेना. मग रांगेतली टेबलाची जागा जिमोहला दिली. चांगला कोपरा, आंब्याच्या सावलीतला. त्याने घासाघीस केली नाही. "उद्यापासून करशील काय, म्हाताऱ्या?" म्हणाला. मला ठाऊक नाही. झोपावंसं वाटतं, बस.

२० जानेवारी

अक्का आली. एकोणीस हजार दोनशे मोजून दिले, हजाराला एकशे साठच्या भावाने. तिने एकेक नोट बोटांनी चाचपली, सुनेकडून पुन्हा मोजून घेतली. "बरोबर आहेत," म्हणाली. ओढणीच्या गाठीला बांधले आणि निघाली.

बस, एवढंच! तिच्या घरी दिवसभर रेडिओ चालू असतो. नवा भाव शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी "कुठून आणलेस रे?" नाही, "देव तुझं भलं करो" नाही. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. माझं सगळं गेलं आणि हिला एक शब्द जड झाला.

२३ जानेवारी

घरीच. बाजाराची वेळ झाली की पाय आपोआप दाराकडे जातात.

२६ जानेवारी

अबेओकुटाला जाऊन आलो. ऑपरेशन नीट झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, मी खोकलो तशी तिने हात पुढे केला. सुनेला पाणी आणायला पाठवलं आणि म्हणाली, "चौऱ्याऐंशी सालचं फिटलं हो, सुनमोला."

हे मी या वहीतही कधी लिहिलं नाही. त्या साली नायजेरियाने नोटांचे रंग बदलले, सीमा बंद झाली. अक्काच्या जुन्या नोटा माझ्याकडे होत्या. "अक्का, त्या आता रद्दी झाल्या," असं मी तिला सांगितलं. झाल्या नव्हत्या. झाडीतून पलीकडे नेऊन मी त्या बदलून आणल्या, आणि त्याच पैशांतून टेबलाची जागा घेतली.

"तुला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात."

"तरी दहा वर्षं माझ्याकडेच ठेवत आलीस?"

"कधीतरी देशील, म्हटलं."