विमलची बॅग मी बाहेर टांगली

सूनबाई विमल,

चिरंजीव लिहायला गेलो आणि हात थांबला. तुला जाऊन उद्या दोन वर्षं होतील. विहारात तुझ्यासाठी माणसं जमणार आहेत, तुझे हेडमास्तरही यायचे आहेत. मंडळी म्हणाली, "दौलतबाबा, सुनेबद्दल दोन शब्द तुमीच बोला." मी हो म्हणून बसलो. पण त्यांच्यापुढे तोंड उघडण्याआधी तुझ्याशी बोलायला नको का? जिवंतपणी बोललो नाही, म्हणून ही कागदाची खटपट.

अक्षरं वाकडी आहेत, सांभाळून घे. तू शाळेत शिकवायला गेलीस की तुझं पहिलीचं पुस्तक काढून मी चोरून गिरवायचो. तुला विचारायची लाज वाटायची. सुनेपुढे पाटी घेऊन कसं बसायचं!

तुझा पहिला पगार झाला तो दिवस आठवतो का गं? यवतमाळच्या बाजारातून तू तपकिरी चामड्याची बॅग आणलीस. ती हातात धरून अंगणात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पाहा न मामाजी, मास्तरीण दिसतो का नाही आता?" दिसत होतीस! खरंच दिसत होतीस. आणि मी काय म्हणालो? "चामडं घरात नाही आणायचं."

दीक्षा घेऊन आम्हाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. गावची मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं होतं, पण त्याचा वास माझ्या डोक्यातून गेला नव्हता. तुझ्या बॅगेला नव्या दुकानाचा वास होता, मला मात्र तोच जुना आला.

"मामाजी, हे दाम देऊन घेतलं हाये. कोनाच्या गोठ्यातून वढून नाही आनलं," तू हसून म्हणालीस. तुझ्या सासूनं तर माझी टरच उडवली, "बॅग चावते का वं ह्या बुढ्याले?" पण मी हट्टाला पेटलेलो. शेवटी छपरीतली बाहेरची खुंटी दाखवली. तू तिथं बॅग टांगलीस.

पावसाळा जवळ आला तसं तू विचारलंस, "मामाजी, चामडं पान्यापासून कसं जपाव लागते? तुमाले ठाऊक असन."

"मले काय ठाऊक!" मी खेकसलो.

खोटं बोललो, पोरी. वीस वर्षं मी शेतावर सालदारकी केली. विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची मोट माझ्याच हाती असायची. दर हंगामात तिला तेल कोण पाजत होतं? मीच की! पण ते येतं असं म्हटलं, तर बाकीचंही कबूल करावं लागेल असं वाटलं. कसला हा मान!

मग श्रावणात झड लागली. तीन दिवस पाऊस हटला नाही. छपरीवरचं कवेलू सरकून खुंटीवर पाणी गळत होतं, ते मला दिसलंही होतं. पण उठून बॅग आत घ्यायला माझा हात गेला नाही. सकाळी ती पोटभर पाणी प्यालेली. आत तपासणीसाठी नीटनेटकं उतरवलेलं हजेरीपत्रक होतं. सगळी शाई वाहून पोरांची नावं निळ्या डागांसारखी झाली होती.

नाल्याला पूर होता म्हणून तुला सोडायला मी शाळेपर्यंत आलो. दारात उभा होतो. हेडमास्तरांनी ते पान दोन बोटांत उचललं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुमच्या घराण्याला कातडं सांभाळायची सवय, बाई. कागद कुठून सांभाळता येणार?"

मी काय केलं? खाली पाहिलं. बॅग मी बाहेर टांगायला लावली, एवढं एक वाक्य होतं. ते बोललो असतो तर का टांगली, हे सांगावं लागलं असतं. तू म्हणालीस, "चूक माझी आहे, सर." तुला तर सगळं माहीत होतं! मग का नाही गं माझ्याकडे बोट दाखवलंस? शाळा सुटल्यावर घरी येताना एका शब्दानं तरी बोलायचं होतंस. "पाय जपून टाका मामाजी, शेवाय हाये," एवढंच म्हणालीस.

संध्याकाळी तू ओली बॅग चुलीजवळ ठेवलीस. विस्तवाजवळ चामडं आक्रसतं हे मला ठाऊक होतं. मी बसून पाहत राहिलो. ती कडक झाली, घडीवर चिरली, तरी माझं तोंड उघडलं नाही.

आता सांगतो, ऐक. ओलं चामडं आधी कोरड्या फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही. आत पिंजलेला कापूस दाबून भरायचा, म्हणजे आकार मोडत नाही. ऊन नको, चूल नको. सावलीत, वाऱ्याला दोन दिवस ठेवायचं. पूर्ण वाळलं की तळहातावर एरंडीचं तेल घेऊन हळूहळू जिरवायचं, शिवणीवर जरा जास्त. आणि हे पावसाळ्याच्या आधी करून ठेवलं, तर पाणी सहसा आत शिरत नाही. एवढंच होतं, विमल. एवढंच मी तुला दिलं नाही. पुढं काविळीनं तू गेलीस आणि माझी सांगायची वेळही गेली.

किसनला काल सांगितलं, उद्या मी काय बोलणार ते. तुझा नवरा कळवळून म्हणाला, "बाबा, लोकायपुढं कायले उकरता आता? ते हेडमास्तर हसतीन."

मी म्हणालो, "हसू दे. नाही उकरलं तर ती चूक विमलच्याच नावावर राहते ना रे."

तर तुला शब्द देतो. उद्या मी उभा राहीन. ढोरं ओढली हे सांगेन, मोटेला तेल पाजलं हे सांगेन, आणि सुनेनं विचारलं तेव्हा येत नाही म्हणालो हेही सांगेन. मग हेडमास्तरांकडे पाहून सांगेन, की ते कागद माझ्यामुळे भिजले, बाईंची त्यात काही चूक नव्हती. हे सगळं बोलून झाल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

तुझा मामाजी,
दौलत