नळ नसल्याचे लेखी मिळणेबाबत

प्रति,
मा. बाल विकास प्रकल्प अधिकारी,
पंचायत समिती आवार, जि. धाराशिव.

अर्जदार : महेश्वरी शंभुलिंग कोरे, अंगणवाडी सेविका, माळावरची पारधी वस्ती.

विषय : शिकवण्यासाठी भिंतीला लावलेला नळ खरा समजून बंद केलेला टँकर सुरू करणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचेच यापूर्वीचे चार अर्ज.

महोदय,

सविनय सादर की, मार्चमध्ये आपल्या कार्यालयाकडून 'स्वच्छ पाणी' हा पाठ आला. सोबत साबण, तक्ता आणि प्लॅस्टिकचा एक नळ. मुलांना नळाखाली हात धुवायला शिकवून फोटो पाठवावा, असे कळवले होते. वस्तीवर नळ कधीच नव्हता; एक दिवसाआड टँकर यायचा. पण फोटोशिवाय पाठ पूर्ण धरत नाहीत. म्हणून अर्जदाराने नळ भिंतीला ठोकला, मदतनीस धुरपदाबाई काळे यांनी वरून तांब्याने पाणी सोडले, आणि तांब्या दिसणार नाही असा फोटो काढला. ही अर्जदाराची चूक, ती कबूल आहे. आठवड्यात 'वस्तीवर नळ सुरू' अशी नोंद झाली आणि टँकर बंद झाला.

२. टंचाई कक्षात सांगण्यात आले की, नोंदलेला नळ काढता येत नाही, नादुरुस्तीची तक्रार करा. केली. मिस्त्री आला. त्याने नळ फिरवला, भिंतीमागे जाऊन पाइप शोधला, पोट धरून हसला आणि 'वायसर बदलला, तक्रार निकाली' या कागदावर सही मागितली. अर्जदाराने दिली नाही, तेव्हा धुरपदाबाईंचा अंगठा घेऊन गेला.

३. पाठ मात्र मुलांना चोख आला. धुरपदाबाईंची नात अर्पिता, वय चार, रोज तो नळ सोडायची, कोरडे हात चोळायची आणि आठवणीने बंद करायची. "बाई, ह्यात पानी कवा येनार?" असे विचारायची. अर्जदार काहीबाही सांगून वेळ मारून नेत असे, त्याची आता लाज वाटते. टँकर गेल्यापासून वस्ती खदानीतले पाणी पिते. गढूळ पाणी पिऊ नये असे शिकलेली अर्पिता पहिल्या दिवशी दिवसभर तोंड मिटून बसली. संध्याकाळी तहानेपुढे तिचे चालेना, ती प्यायली आणि मग रोजच पीत राहिली. जुलाबाने आज तिसरा दिवस सरकारी दवाखान्यात आहे, सलाईन चालू आहे. धुरपदाबाई एवढेच म्हणाल्या, "बाई, नळ शिकवला तुमी, आन् टँकर घालवला. आता लेकरायनी काय प्यावं?" त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते. अर्जदाराचा जीव थाऱ्यावर नाही.

४. खोट्या फोटोबद्दल नोकरी जाईल, तेव्हा अर्ज मागे घ्या, असे आपल्या लिपिकांनी आपुलकीने सुचवले. त्यावरूनच अर्जदारास मार्ग सापडला. कामावरून काढताना कारण लिहावे लागते. तरी अर्जदारास तात्काळ कमी करावे, कारणात 'सदर वस्तीवर नळ नाही' हे वाक्य घालावे आणि प्रत टंचाई कक्षास द्यावी. उशीर करू नये ही विनंती. वस्तीवर अजून अकरा मुले आहेत.

आपल्या आदेशाची वाट पाहणारी,
महेश्वरी शं. कोरे
दि. २१/०४/२०२५

सोबत : अर्जदारास कमी करण्याचा आदेश, वरील वाक्यासह लिहून तयार. आपली सही तेवढी बाकी आहे.