बेट राज्याचं पाणीपुरवठा खातं

खैरमळा, ता. शिरूर
९ मार्च २००३

ती. पोपटदादास,
सप्रेम जय भीम वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. ग्रामपंचायतीत दिवसभर लोकांचे कागद वाचून घरी आल्यावर पेन हातात धरवत नाही.

दादा, मी दमले रे. सरपंचपद आपल्या समाजातल्या बाईला राखीव झालं, तेव्हा सोपानरावांनी मला निवडून आणलं. गावात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. त्याच दिवशी त्यांनी बिनतारखेच्या राजीनाम्यावर माझी सही घेऊन ठेवली. अर्धी मुदत माझी, उरलेली सगुणाबाईची. इकडं ही रीतच आहे, सगळ्याच देतात, म्हणून मीही दिली. सगुणाबाई आमच्याच वस्तीतली, मनानं चांगली. पण सोपानरावांच्या मळ्यात रोजानं जाते. ते म्हणतील तिथं अंगठा उठवणार.

वस्तीच्या नळाची पाइपलाइन मंजूर झाली, चर निम्म्यापर्यंत आला. आता सोपानराव म्हणतात, पाइप आधी माझ्या मळ्याकडं वळवा, वस्तीचं पुढच्या वर्षी बघू. मी नाही म्हटलं. तेव्हापासून त्या कागदाची आठवण रोज होते. माझी खुर्ची गेली की वस्तीचं पाणी गेलं, हे मला कळतं. पण पंचायत समितीतले साहेब जिल्हा परिषदेकडं बोट दाखवतात, तिथले पुन्हा इकडं. वाटतं, द्यावा राजीनामा आणि मोकळं व्हावं.

आई या उन्हाळ्यातही येणार नाही ना? आपल्यापायी लेकीला एक कळशी जास्त वाहावी लागेल म्हणून ती टाळते, मला ठाऊक आहे.

वहिनींना जय भीम. लोभ आहेच, तो सध्या थोडा जास्त असू दे.
तुझी,
गौतमी

दौंड
१६ मार्च २००३

चि. गौतमीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझं पत्र स्टेशनवर ड्यूटीला जाताना वाचलं, आणि डबा खाताना पुन्हा वाचलं.

आपलं बेट राज्य आठवतं का? वडगावला भीमेचं पाणी उतरलं की मधे वाळूचं बेट उघडं पडायचं. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकून आलो आणि तिथं राज्य थाटलं. मी राज्यपाल. खाली वाळूत विधानसभा, वर खडकावर विधान परिषद, कारण तिथं सावली होती आणि मोठी पोरं ती सोडायची नाहीत. केंद्र सरकार म्हणजे आई. तिनं काठावरून फोक दाखवला की राष्ट्रपती राजवट! चांगली खाती आम्ही वाटून घेतली आणि तुला दिलं पाणीपुरवठा. चारी बाजूंनी नदी, काम काही नाही. तू रुसलीस, मैत्रिणीच्या हातून राजीनामा पाठवलास. मी तो परत केला. आपल्या घटनेत राजीनामा ज्याचा त्यानं आणून द्यायचा, आणि राज्यपालानं विचारायचं, हा तुला कुणी द्यायला लावला?

तेच आज विचारतो. तुझ्या मनानं देणार असशील तर खुशाल दे. दमलेल्या माणसाला शहाणपण शिकवायची मला लाज वाटते. पण सोपानरावांसाठी देणार असशील तर नामंजूर.

आईला पत्र वाचून दाखवलं. कळशीचं ऐकलं आणि ती उठून आत गेली.

वेळेवर जेवत जा. लोभ वाढवायला आता जागा उरली नाही, आहे तो पुरवून वापर.
तुझा,
दादा

खैरमळा
२५ मे २००३

राज्यपाल महोदय,
सविनय जय भीम वि. वि.

सोपानरावांनी कागद शेवटी बाहेर काढलाच. सोळा एप्रिलला पंचायत समितीत दिला आणि तारीख मागची हवी म्हणून टाकली चौदा एप्रिल! वर लिहिलं, की त्या दिवशी दुपारी मी शिरूरला साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीला गावातले हौसराव. त्यांनी न वाचताच सही ठोकलेली.

सभापतींनी सगळ्यांना बोलावलं. मला विचारलं, सही तुमचीच ना? मी म्हटलं, सही माझी, राजीनामा माझा नाही. बाबासाहेबांच्या जयंतीला आमच्या वस्तीतली कोणती बाई शिरूरला राजीनामा द्यायला जाईल? सोपानरावांच्या घरी चौदा एप्रिल म्हणजे कॅलेंडरवरची एक सुट्टी, त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मी म्हटलं, त्या दुपारी मी पंगतीत वाढत होते, आणि हौसराव जेवायला होते. सभापतींनी हौसरावांकडं पाहिलं. म्हातारा मान खाली घालून म्हणाला, की व्हय, जेवलो व्हतो, खाल्ल्या अन्नाला न्हाई कसं म्हनू. कागद परत आला.

वाटलं होतं, आनंद होईल. पण एसटीत बसले आणि अशी झोप लागली, की आपला थांबा मागं राहिला. उन्हात चालत परत आले.

खुर्ची राहिली म्हणून पाइप वस्तीकडंच आला, आणि परवा नळाला पाणी आलं. दादा, घरोघरी आलं. सगुणाबाईनं पहिली कळशी भरली ती थेट माझ्या पायांवर ओतली. मी रडले, सगळ्यांदेखत रडले.

सोपानराव आता दुसरं काहीतरी शोधतील, आणि माझ्यात भांडायचं त्राण नाही. खात्याचं काम झालं. म्हणून हा माझा राजीनामा, तुझ्या नावानं. मला कुणी द्यायला लावला नाही. मला फक्त झोपायचं आहे.

लोभ असावा, जाब विचारू नये.
गौतमी

दौंड
२९ मे २००३

मा. पाणीपुरवठा मंत्री,
सप्रेम जय भीम.

राजीनामा पोस्टानं आला, स्वतः आणून दिलेला नाही, सबब नामंजूर. झोपेसाठी रजा मंजूर. सोपानरावांचं पुढचं पुढं बघू, तोवर दाराला आतून कडी लाव.

प्रकरण केंद्राकडं पाठवलं होतं. आईनं तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि एवढंच विचारलं, की पानी दारात येतं का चौकात. मी सांगितलं, दारात. थोड्या वेळानं बघतो तर तिची पिशवी भरून झाली होती.

रविवारी तिला घेऊन येतो. उरलेला उन्हाळा राहणार म्हणते. तू उठू नकोस. तुझ्या घरची कळशी ती भरणार आहे.

केंद्राचा आणि राज्याचा लोभ आहेच.
तुझा,
दादा