काचेजवळची खुर्ची

ताई,

भावोजी आज माझ्या बुटांच्या दुकानात सेल्समनच्या मुलाखतीला आले होते. मी चहा मागवला आणि हसतखेळत विचारलं, "कंपनी बंद पडल्यापासून घरीच का?"

"घर तुझ्या ताईच्या शिवणकामावर चाललंय."

"दुकानात मला अहो-जाहो करायचं, भावोजी."

"बरं. तुमच्या ताईच्या."

माझ्याकडे परीक्षा एकच असते, गिऱ्हाइकाला बूट घालून दाखवायचा. गिऱ्हाईक मीच झालो. ते गुडघ्यावर बसले, माझी टाच हातात धरली, नाडी बांधली, अंगठ्याला जागा आहे का तेही दाबून पाहिलं. काम अगदी चोख. तरी मी म्हटलं, "चावतोय, दुसरा आणा." असे बरेच जोड काढायला लावले.

शेवटी म्हणालो, "चारचौघांत 'हा आमचा चपलावाला' अशी माझी ओळख करून द्यायचात ना? मग चपलावाल्याच्या हाताखाली राबणं तुम्हाला शोभेल का?"

त्यांनी सगळे जोड खोक्यांत नीट भरले आणि गेले.

आत पाठवण्याआधी तू त्यांची कॉलर सारखी केलीस आणि समोर औषधांच्या दुकानापाशी उभी राहिलीस, ते मी पाहिलं होतं. म्हणून तर मुलाखतीआधी खुर्ची काचेजवळ ओढून घेतली. तेव्हा हे पत्र टाकायची काही गरज नाही. तू सगळं पाहिलंसच.

तुझा धाकटा,
चपलावाला