हुकूम त्यांचा, नाव तुझं

आई, परवा इथल्या मराठी मंडळात मी एका सुलतानाच्या बायकोबद्दल बोलले, आणि तेव्हापासून तापलेलं डोकं अजून शांत झालेलं नाही. तुला जाऊन वीस वर्षं झाली, तरी सांगायचं तुलाच आहे. एडमंटनची थंडी असूनही, व्हॉट्सअॅपवरच्या एका निरोपावर हॉल भरला होता. निवृत्त डॉक्टर, इंजिनिअर, त्यांच्या बायका, सगळे तुझ्या ओळखीचे. मी सांगत होते की गुलाम म्हणून विकली गेलेली ही मुलगी उस्मानी सुलतानाच्या जनानखान्यात आली आणि त्याने रीत मोडून तिच्याशी लग्न केलं. तो मोहिमेवर असला की राजधानीची खबरबात ती पत्रातून कळवायची. पोलंडच्या राजाला पत्रं लिहायची. जेरुसलेममध्ये तिने गरिबांसाठी अन्नछत्र उघडलं. पुढे सुलतानाने तिच्या सवतीच्या मुलाला, म्हणजे स्वतःच्याच मुलाला, गळा आवळून मारायला लावलं, आणि खापर फुटलं ते हिच्या डोक्यावर. ती धुतल्या तांदळासारखी होती असं मी म्हणत नाही. पण हुकूम त्याचा, मारेकरी त्याचे, आणि साडेचारशे वर्षं लोक म्हणतायत, बाईनेच कान भरले.

बोलता बोलता मला मंडळाचा तो गणपती आठवत होता. मी पंधरा वर्षांची आहे. भाड्याच्या हॉलच्या किचनमध्ये तू कोथिंबीर चिरतेयस. आदल्याच आठवड्यात बाबांनी, मंडळाच्या अध्यक्षांनी, आपल्या सगळ्यात जुन्या मित्राला कमिटीतून काढलंय. पलीकडे भजी तळणारी त्या मित्राची बायको तुला ऐकू जाईल अशा बेताने म्हणते, "ते बिचारे साधे हो. सगळं घरून ठरतं." त्याआधी घरी बेसमेंटच्या जिन्यात बसून मी ऐकलेलं असतं, तू बाबांना म्हणत होतीस, "अहो, असं करू नका. इथे आपलं दुसरं आहे कोण?" मी तोंड उघडते, "बट आई, यू टोल्ड हिम नॉट टू," तेवढ्यात तू ओल्या हाताने माझं मनगट दाबतेस. "गप्प बस. बाबांना लोक काय म्हणतील?" त्या काकू त्यानंतर आपल्याकडे कधी आल्या नाहीत, तू आजारी होतीस तेव्हाही नाही. बाबांवर माझा राग आहेच, कारण हे सगळं त्यांच्या कानावर येत होतं आणि त्यांच्या सोयीचं होतं. पण तुझाही आहे, आई. तू मला का दाबलंस?

परवा चहाच्या वेळी त्याच काकू वॉकर ढकलत आल्या. "छान बोललीस गं, एकदम वेल रिसर्च्ड. तुझी आईही तशीच, हुशार. तिनेच फिरवलं तुझ्या बाबांना, नाहीतर आमच्या ह्यांना कशाला काढलं असतं?" बाबा शेजारच्याच खुर्चीवर होते, कानात मशीन लावून. त्यांनी ऐकलं. समोशाचा तुकडा मोडला आणि चटणीत बुडवला.

हे पत्र कुठेच जाणार नाही. काकूंचा पत्ता आहे माझ्याकडे, बाबा तर माझ्याच घरात राहतात, तरीही नाही. तासभर मी एका परक्या राणीची वकिली केली होती. काकूंना मात्र मी एवढंच विचारलं, चहात साखर किती घालू.